एक सैन्य, दोन युद्धे



सैन्याची तयारी म्हटली की रणगाडे, तोफा आणि विमाने डोळ्यांपुढे येतात. समोरासमोर दोन फौजा, ठरलेली आघाडी आणि शेवटी शरणागती, हे पारंपरिक युद्ध. दुर्बळ पक्ष मात्र मैदानात उतरत नाही. तो जंगलात लपतो, गावात मिसळतो, रस्त्यात सुरुंग पेरतो. हे विषम युद्ध. आपले पूर्वज त्याला गनिमी कावा म्हणत. सैन्याला या दोन्हींची तयारी का ठेवावी लागते, हे आपल्याच मुलखाच्या इतिहासावरून समजते.

आपला आदिलाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या चिलखती दलाने सोलापूरकडून मुख्य चढाई केली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले. दुसरी मोठी चढाई विजयवाड्याकडून झाली. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी शरणागती पत्करली. योजना आधीच तयार होती, दाब अनेक दिशांनी एकाच वेळी आला, म्हणून पाच दिवसांत निकाल लागला.

पण त्याच संस्थानात तेलंगणातील कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा १९४६ पासून चालू होता. निजाम गेला तरी तो थांबला नाही. निजामाच्या फौजेला नमवणारे रणगाडे तिथे निरुपयोगी होते. सैन्य आणि पोलीस खेडोपाडी, जंगलात फिरत राहिले. १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० साली कूळ कायदा आला, एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीला विनोबांना पहिले भूदान मिळाले. लढा मागे घेतला गेला तो ऑक्टोबर १९५१ मध्ये. एका युद्धाला पाच दिवस लागले, दुसऱ्याला तीन वर्षे. दुसऱ्यात बंदुकीइतकेच काम जमिनीच्या कागदाने केले.

आम्ही डॉक्टर तीव्र आणि जुनाट आजार वेगळे धरतो. तीव्र आजारात तासांचा हिशेब असतो. जुनाट आजारात रोग्याचे खाणे, झोप, घरची चिंता, सारे विचारावे लागते. परंतु जुनाट दम्याच्या रोग्यालाही एखाद्या रात्री तीव्र झटका येतो. वैद्याला दोन्ही यावे लागते. सैन्याचेही तसेच आहे.

शेजारच्या महाराष्ट्रात गडचिरोली पोलिसांनी १९९० साली सी-६० हे पथक उभारले. ते सैन्य नव्हे, पण धडा सैन्याच्याही कामाचा आहे. त्यात स्थानिक तरुण घेतले. त्यांना जंगलाच्या वाटा आणि गोंडी, माडिया बोली येत होत्या. तरीही धोका टळत नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले.

पुढची युद्धे या दोन पेट्यांत वेगवेगळी बसणार नाहीत. युक्रेनमध्ये २०२२ पासून खंदक आणि तोफखान्याची जुनी लढाई चालू आहे आणि त्याच आघाडीवर स्वस्त ड्रोन महागडा रणगाडा निकामी करतात. आपल्याकडेही नागपुरात तयार झालेले नागास्त्र-१ हे लक्ष्यावर जाऊन आदळणारे ड्रोन सैन्याला मिळाले आहे. पण शस्त्र विकत घेणे ही तयारीची निम्मी बाजू झाली. लांबलेल्या युद्धाला पुरेल इतका दारूगोळा, तुटलेले यंत्र जागेवर दुरुस्त करणारे हात, वरून हुकूम येण्याआधी निर्णय घेऊ शकणारा तरुण अधिकारी आणि निरपराध माणसावर गोळी न झाडण्याची शिस्त ही उरलेली निम्मी. विषम युद्धात एक चुकीची गोळी शत्रूला दहा नवे साथीदार मिळवून देते.

पैनगंगेच्या या काठावरची आपली मुले मराठी, तेलुगू, हिंदी आणि थोडीफार गोंडी ऐकत वाढतात. त्यांच्यापैकी कोणी सैन्यात किंवा पोलिसांत जाईल, तेव्हा या चार भाषा त्याच्या बंदुकीइतक्याच उपयोगी पडतील. त्या घरात जपणे हीही देशाच्या तयारीतली आपली वाटणी आहे.