कमिशन गेलं, जामिनकी राहिली

दुबईच्या करामा किंवा देऱ्यातल्या ट्रॅव्हल एजन्सीत तिकीट निघतं पाच मिनिटांत. वेळ खातो तो पासपोर्ट. मुदत सहा महिने उरली आहे का, परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागणारा (ईसीआर) पासपोर्ट आहे का, मागच्या व्हिसाचा एक्झिट लागला का, तिकिटावरचं आणि व्हिसावरचं नाव जुळतं का, हे सगळं काउंटरवरचा माणूस बोट ठेवून वाचतो. या धंद्यातली नोकरी आता या वाचनावरच टिकून आहे, असं माझं मत आहे. 1959 साली डनाटा ही दुबईची ट्रॅव्हल एजन्सी पाच माणसांवर सुरू झाली, तेव्हा एजंटची कमाई होती तिकिटावरचं कमिशन. विमान कंपन्यांनी ते कापत कापत जवळजवळ संपवलं. 2021 मध्ये एमिरेट्सने तर जुन्या बुकिंग प्रणालींतून काढलेल्या तिकिटांवर अधिभारच लावला. पीएनआर झटपट बनवणाऱ्याचा भाव त्यामुळे उतरला. यावर कुणी म्हणेल की दुबईचे पर्यटक 2019 च्या 1.67 कोटींवरून 2024 मध्ये 1.87 कोटींवर गेले, मग नोकऱ्या वाढायलाच हव्यात. वाढल्या असतीलही, पण हॉटेलांत, सफारीच्या गाड्यांवर. हा पाहुणा आपलं बुकिंग आपल्या देशातूनच करून येतो, करामाचा जिना तो कशाला चढेल?

जिना चढतो तो आईला दोन महिन्यांसाठी बोलावणारा मुलगा, किंवा खेड-चिपळूणकडून भाच्याला नोकरी शोधायला आणणारा मामा. व्हिजिट व्हिसाची स्पॉन्सर, म्हणजे जामीनदार, बहुधा एजन्सीच असते. पाहुणा मुदतीनंतर राहिला, तर दिवसाला 50 दिरहम दंड चढतो आणि तो गायब झाला तर निस्तरायचं एजन्सीने. म्हणून कुणाची फाइल घ्यायची आणि कुणाची गोड बोलून परत करायची, हे ओळखणारा माणूस मालकाला सोडवत नाही. एमिरातीकरणाने, म्हणजे कंपन्यांत अमिरातीचे नागरिक नेमण्याच्या सक्तीने, परक्यांच्या खुर्च्या जातील, ही भीती इथे थोडी अतिरंजित वाटते: 2024 पासूनचा विस्तारित नियम ठरावीक क्षेत्रांतल्या 20 ते 49 कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना आहे, आणि गल्लीतल्या एजन्सीत चार-सहा माणसंच असतात. माझ्या मतावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. जामिनकीचं हे काम सरकारी नियमांवर उभं आहे, आणि नियम बदलतात. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना विमानतळावरच व्हिसा मिळू लागला, तेव्हा ते गिऱ्हाईक काउंटरवरून उठलंच. उरलं ते कमी कागदांचं, जास्त जोखमीचं गिऱ्हाईक. आणि त्याची पारख करणाऱ्याचा पगार मात्र अजून विकलेल्या तिकिटांच्या टार्गेटवर मोजला जातो.