ओसरलेला झटका आणि घरचे मीठ

एखाद्याचे तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, जीभ अडखळते. आणि घटकाभरात सारे पूर्ववत होते. आपल्याकडे म्हणतात, 'अंगावरून वारे गेले.' वारे गेले म्हणजे भीतीही गेली, असे घरची माणसे समजतात. कामगार तर दुसऱ्या दिवशी कामावर येतो आणि झाला प्रकार लपवून ठेवतो. मुकादमाला कळले तर खाडा पडेल, कदाचित कामही जाईल, ही त्याची धास्ती. कामगारांत वावरताना आम्ही ही लपवाछपवी पुष्कळ पाहिली आहे, म्हणून या विषयावर चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा वाऱ्याचा खेळ नव्हे. मेंदूला रक्त पुरविणारी एखादी वाहिनी बहुधा गुठळीने तुंबते. गुठळी लहान असली किंवा लवकर विरघळली, तर झटका हलका राहतो. पण ती ज्या कारणाने झाली, ते कारण शरीरात तसेच मुक्काम करून असते. कॅलिफोर्नियातील अशा ओसरलेल्या झटक्यांच्या १७०७ रोग्यांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. ९० दिवसांत त्यांपैकी १८० जणांना पुरा पक्षाघात झाला. त्यांतील ९१ जणांना तर पहिल्या दोन दिवसांतच! तेव्हा झटका ओसरला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत. आम्ही पुढे सांगतो तो उपाय औषधाच्या जागी आलेला बदली कामगार नाही; तो त्याचा जोडीदार आहे.

पक्षाघाताच्या कारणांत वाढलेला रक्तदाब सर्वांत मोठा. मीठ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते, वाहिन्यांतील दाब वाढतो, आणि वर्षानुवर्षे तो सोसून वाहिन्यांच्या भिंती ताठर होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ. म्हणजे सारे मिळून चहाचा एक चमचाही नाही. आपल्याकडे पापड, लोणचे, फरसाण यांतच बराचसा वाटा संपतो.

आपण विचाराल, एवढ्याशा मिठाने काय होणार? उत्तर चीनमधील ६०० खेड्यांत याची परीक्षा झाली. सुमारे २१ हजार माणसे; त्यांतील बहुतेकांना पूर्वी पक्षाघात होऊन गेलेला. निम्म्या खेड्यांत लोकांना घरच्या स्वयंपाकासाठी वेगळे मीठ फुकट दिले. त्यात तीन भाग नेहमीचे मीठ आणि एक भाग पोटॅशियमचे. जवळजवळ पाच वर्षांनी हिशेब झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मिठाच्या खेड्यांत हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ३४ पक्षाघात, नव्या मिठाच्या खेड्यांत २९. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पोटॅशियमचे मीठ घेऊ नये. ते रक्तात साठून हृदयाला अपाय करते.

या परीक्षेतून आम्ही एक धडा घेतो. तेथे घरच्या स्वयंपाकाचे मीठच बदलले होते. एकट्या रोग्याला अळणी वाढले, तर चार दिवसांत तो शेजारच्या ताटातले लोणचे ओढतो. म्हणून पथ्य साऱ्या घराने पाळावे. तंबाखूचेही तेच. पाळी सुटल्यावर दहाजण विड्या पेटवीत उभे असताना अकराव्याने एकट्याने किती निग्रह धरावा? त्याच्याबरोबर दोघांनी विडी टाकावी. आठवड्यातून दीडशे मिनिटे भरभर चालावयाचे, तर सोबतीला कोणी असावे. दारू मात्र सोडलेलीच बरी.

आणि कारखान्यात? कँटीनच्या थाळीचा दर हा जसा मागणीचा विषय, तसेच तिच्यातील मीठही. रक्तदाब मोजण्याची सोय मागून घ्यावी. सर्वांत आधी, झटका आला हे सांगणाऱ्याचा रोजगार सुरक्षित राहील, अशी हमी संघटनेने मिळवावी. भीती गेली म्हणजे माणूस वेळेवर बोलेल. आणि पहिले दोन दिवस हातचे जाणार नाहीत.