हिमोग्लोबिन पडलं म्हणजे कॅन्सर वाढला?

ब्लड कॅन्सर म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातला हिरो आठवतो. पण त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यातला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा बहुतेक करून उतारवयात होणारा आणि संथ चालणारा. माझ्या आजोबांना तो आहे. चार वर्षं औषधाशिवाय, नुसत्या तपासण्यांवर ते मजेत होते. (ही हयगय नव्हे, सीएलएलमध्ये गरज पडेपर्यंत थांबतातच.) मग तीन आठवड्यांत त्यांचं हिमोग्लोबिन ११.८ वरून ६.४ वर आलं. डोळे पिवळे, लघवी गडद, चार पायऱ्या चढल्या की धाप. घरात कुणी बोललं नाही, पण अर्थ सगळ्यांनी एकच काढला.

डॉक्टरांनी मात्र वेगळाच प्रश्न काढला : रक्त तयार होत नाहीये, की तयार झालेलं फुटतंय?

मित्रांनो, हा तर आपलाच प्रश्न! टाकीची पातळी उतरली तर एक तर पंप बिघडलाय, नाही तर टाकी गळतेय. कॅन्सरच्या पेशींनी बोन मॅरो व्यापली तर पंप बिघडतो. आजोबांचा पंप उलट ओव्हरटाइम करत होता. नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, भरपूर वाढलेल्या होत्या. म्हणजे गळती!

तांबडी पेशी एरवी साधारण १२० दिवस जगते. ह्या आजारात शरीर स्वतःच्याच पेशींना अँटिबॉडी चिकटवतं आणि प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी ती खूण बघून त्यांना खातात. नाव ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया. सीएलएलच्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना तो कधी ना कधी होतो. विचित्र म्हणजे ह्या अँटिबॉडी बहुतेक वेळा कॅन्सरच्या पेशी बनवतच नाहीत. कॅन्सरमुळे इम्यून सिस्टिमची शिस्त बिघडते आणि उद्योग करतात त्या उरलेल्या चांगल्या बी पेशी.

पण चिकटलेली अँटिबॉडी दिसणार कशी? १९४५ साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्ज ह्यांनी मूरंट आणि रेस ह्यांच्याबरोबर त्यावर युक्ती काढली. (कूम्ब्ज शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर!) माणसाच्या अँटिबॉडीला पकडणारी दुसरी अँटिबॉडी सशाच्या रक्तातून मिळवायची आणि पेशींवर घालायची. पेशींवर आधीच काही चिकटलेलं असेल तर त्या एकमेकींना धरून गोळा होतात. आजोबांची कूम्ब्ज टेस्ट पॉझिटिव्ह आली.

आपल्या हॉस्टेलवरून रात्री-अपरात्री रक्त द्यायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. अशा पेशंटचा ग्रुप जुळला तरी ब्लड बँक म्हणते, 'एकही बाटली मॅच होत नाही.' कारण ही अँटिबॉडी जवळजवळ प्रत्येकाच्या तांबड्या पेशींना चिकटते. तुमच्या रक्तात खोट नसते. जीवावर बेतलं असेल तर त्यातल्या त्यात जुळणारी बाटली शोधून, लक्ष ठेवून, हळूहळू चढवतात.

औषध आधी कीमो नव्हे, तर स्टेरॉइड. दाद मिळाली नाही तर रिटुक्सिमॅब, क्वचित प्लीहा काढतात. शिवाय हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की सीएलएलची स्टेज वर जाते, पण अशा गळतीमुळे गेलं असेल तर ते धरत नाहीत. आजोबांची स्टेज होती तिथेच आहे.

सध्या हिमोग्लोबिन ९.६. स्टेरॉइडने साखर वाढलीय आणि भूकही. रात्री दोनला उठून चिवडा मागतात, आजी वैतागते. गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत, डोस हळूहळू उतरवतायत.