संगणकालाही उन्हाळा लागतो!

एप्रिल उजाडला की आपण माठ काढतो, कूलरचं गवत बदलतो, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावतो. कुंडीतली रोपंसुद्धा सावलीत सरकवतो. पण हॉलच्या कोपऱ्यातल्या संगणकाकडे कुणाचं लक्ष जातं का?

आपल्या छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. गच्चीखालच्या खोलीत तर रात्रीसुद्धा स्लॅबची धग जाणवते. बहुतेक कंपन्या मात्र खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं, असं माहितीपुस्तिकेत सांगतात. शिकवणीचे ऑनलाइन वर्ग, घरगुती व्यवसायाचा हिशेब, लेकीचा प्रवेश अर्ज, सारं काही त्याच यंत्रावर. ऐन वेळी ते बंद पडलं तर?

संगणक जी वीज घेतो, तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. सर्वांत जास्त तापतो तो प्रोसेसर. त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो, त्याला हीट सिंक म्हणतात. तो उष्णता ओढून घेतो आणि छोटा पंखा ती बाहेर ढकलतो. आता गंमत बघा. पंख्याखाली आपल्याला गार वाटतं, कारण आपला घाम वाळतो. संगणकाला कुठे घाम येतो? त्यामुळे पंखा कितीही फिरला, तरी तो संगणकाला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. म्हणजे काम दोनच गोष्टींचं: खोली थोडी थंड ठेवायची आणि उष्णतेची वाट अडवायची नाही.

ही वाट आपणच अडवतो. सीपीयू टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबतो, भिंतीला चिकटवतो, वर हौसेनं भरतकामाचं कव्हर घालतो. कव्हर असू द्या, पण संगणक बंद असताना. मागे वीतभर जागा सोडा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की खालची जाळी बंद होते; त्याला टेबल किंवा लाकडी पाट द्या. संगणक स्वयंपाकघराजवळ असेल तर फोडणीचा तेलकट धूर आणि धूळ मिळून पंख्यावर चिकट थर बसतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा सफाई कराच. प्लग काढा, मऊ कोरड्या ब्रशनं जाळी आणि पंखा साफ करा. पाती बोटानं धरून ठेवा. ओलं फडकं नको. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधली पेस्ट काही वर्षांनी वाळते. ती मात्र जाणकाराकडूनच बदलून घ्या.

कूलरचं काय? तो हवा खरोखर गार करतो, तेव्हा खोलीत जरूर लावा. पण झोत थेट संगणकावर नको, पाण्याचे तुषार आत जातात. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते. लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी ठेवायचा उद्योग तर मुळीच नको. बर्फानं हवेतली वाफ धरते आणि ओल आत शिरते.

छताचाही विचार करा. आपल्या पाणचक्कीच्या हौदाखालचं दालन उन्हाळ्यातही गार लागतं, कारण त्याच्या डोक्यावर पाणी आहे. आपल्या स्लॅबवर थेट ऊन. गच्चीला पांढरा चुना दिला तरी बराच फरक पडतो.

संगणक अचानक मंदावला, पंखा घोंघावू लागला किंवा आपोआप बंद झाला, तर दरवेळी व्हायरसच असतो असं नाही. जास्त तापलं की यंत्र स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. अशा वेळी बंद करून अर्धा तास विश्रांती द्या. जड कामं सकाळी उरका. फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर ठेवा, कारण उष्णतेनं हार्ड डिस्कचं आयुष्य कमी होतं.

आणि हो, आणखी एक. बऱ्याच घरांत एसी बेडरूममध्ये असतो आणि गृहिणीचं कामाचं टेबल सर्वांत तापणाऱ्या कोपऱ्यात. जिथे यंत्र धापा टाकतं, तिथे चार-चार तास बसणाऱ्या बाईचं काय होत असेल? तेव्हा या उन्हाळ्यात टेबल उत्तरेच्या किंवा गार खोलीत हलवा. संगणकाच्या निमित्तानं का होईना, घरातली थंड जागा तुमच्याही वाट्याला येऊ द्या.