राज्याची पत आणि दाभोळचा हिशेब

आम्हा नॉर्थ कॅरोलायनावाल्यांना 2016 सालचा मार्च महिना चांगला लक्षात आहे. त्या महिन्याच्या 23 तारखेला इथल्या विधिमंडळाने खास अधिवेशन बोलावून एका दिवसात ‘एचबी 2’ नावाचा कायदा केला. सरकारी इमारतींत आणि शाळांत कोणी कुठलं स्वच्छतागृह वापरायचं, हे जन्मदाखल्यावरून ठरवणारा. कायदा बरा की वाईट यावर आमच्या मंडळाच्या पॉटलकमध्ये पुरणपोळ्या गार होईपर्यंत वाद झाला. तो इथे पुन्हा उकरत नाही. पण तीन आठवड्यांच्या आत पेपॅलने शार्लटमधलं 400 नोकऱ्यांचं नियोजित केंद्र रद्द केलं, डॉइश बँकेने कॅरी गावातली 250 जागांची वाढ थांबवली, आणि जुलैत एनबीएने 2017 चा ऑल-स्टार सामना शार्लटहून उचलून न्यू ऑर्लिन्सला नेला. असोसिएटेड प्रेसने मार्च 2017 मध्ये हिशेब मांडला, की बारा वर्षांत राज्याचं 3.76 अब्ज डॉलर्सचं नुकसान होईल. गव्हर्नर मॅक्रोरी तोवर निवडणूक हरलेच होते, जेमतेम दहा हजार मतांनी. मार्च संपता संपता कायद्याचा वादग्रस्त भाग मागे घेतला गेला.

आणि गंमत पाहा, 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी ‘उद्योगधंद्याला सर्वांत चांगलं राज्य’ या सीएनबीसीच्या यादीत पहिला क्रमांक कोणाचा? नॉर्थ कॅरोलायनाचाच!

राजकारण बिघडलं की उद्योग पळतात, असं आपण सहज बोलून जातो. मग इथे बिघडलेलं पाच-सहा वर्षांत पुसलं कसं गेलं, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या दाभोळ वीज प्रकल्पाचं नाव पंचवीस वर्षं उलटली तरी का निघतं? मी सॉफ्टवेअरवाला, अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट करताना एक खोड लागली, की यंत्रणा बंद पडली तर ती नेमकी कुठे तुटली ते शोधायचं. शिवाय माझी शाळा चिपळूणची. गुहागरकडे जाणारे अजस्र ट्रेलर आणि भिंतींवरच्या ‘एन्रॉन हटाव’च्या घोषणा आम्ही एकाच रस्त्यावर पाहिल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रकल्प दाभोळात नाहीच. दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प समोरच्या तीरावर, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला. असो. 1992 च्या उन्हाळ्यात एन्रॉनची माणसं आली आणि 20 जूनला राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा मागवल्या नाहीत. एप्रिल 1993 मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. एवढी महाग वीज, तीही एवढ्या प्रमाणात, राज्याला परवडणार नाही असं तिचं म्हणणं. तरीही डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदीचा करार झाला. दोन टप्प्यांत मिळून सुमारे 2000 मेगावॉट. मालकी एन्रॉनची 80 टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांची दहा-दहा.

करार होता मासिक खानावळीसारखा. जेवा किंवा जेवू नका, महिन्याचे पैसे भरायचेच. आणि त्यातला बराचसा भाग डॉलरशी बांधलेला. 1993 मध्ये डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 पर्यंत तो 46 च्या पुढे गेला.

आता एन्रॉनच्या बाजूने विचार करू. भारतातली वीज मंडळं पैसे बुडवण्याबद्दल प्रसिद्ध. आपलं मंडळ त्यातल्या त्यात बरं, पण ‘त्यातल्या त्यात’वर कोणी अब्जावधी डॉलर्स गुंतवत नाही. म्हणून कंपनीने राज्य सरकारची हमी मागितली. राज्याची पुरेना, म्हणून सप्टेंबर 1994 मध्ये केंद्र सरकारने प्रतिहमी दिली. मराठीत नावलौकिकाला आणि उधार मिळण्याच्या लायकीला ‘पत’ हा एकच शब्द आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. ज्याची पत कमी, त्याला जामीन जास्त द्यावा लागतो. या हम्या आणि ती खानावळीची अट, ही आपल्या कमी पतीची आधीच मोजलेली किंमत होती.

आणि इथेच यंत्रणा तुटली. एवढी किंमत मोजलेला करार जनतेसमोर आला, तेव्हा तो लुटीसारखा दिसला. बराचसा होताही. 1995 च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा झाली आणि शिवसेना-भाजप युती निवडून आली. मुंडे समितीच्या अहवालानंतर 3 ऑगस्ट 1995 रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशींनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. कंपनीने लंडनला लवाद मांडला. नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटल्या, आणि जानेवारी 1996 मध्ये तोच प्रकल्प पुन्हा मंजूर! क्षमता कमी नाही, उलट वाढून 2184 मेगावॉट. नव्या कराराची प्रतिहमी मे 1996 मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता मंजूर केली.

सगळं नुकसान 1995 च्या रद्द करण्याने झालं, असं अनेकजण मानतात. मला ते पटत नाही. रद्द करून ठाम राहिलं असतं तर जगाने म्हटलं असतं, की या राज्याला महाग सौदे खपत नाहीत. मूळ करार पाळला असता तर म्हटलं असतं, की यांची सही म्हणजे सही. आपण दोन्ही केलं नाही. सही केली, मोडली, पुन्हा केली, आणि 1999 च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाल्यावर दीड-दोन वर्षांत बिलं थकवली. 1996 मध्ये युनिटला 1 रुपया 86 पैशांची भाषा होती. मंडळ वीज कमी उचलू लागलं, पण ठरलेली रक्कम तेवढीच राहिली. त्यामुळे 2000 साली काही महिने युनिटचा भाव सात रुपयांच्याही वर गेला. फेब्रुवारी 2001 मध्ये एन्रॉनने केंद्राची प्रतिहमी वठवायला काढली, मेअखेर प्रकल्प बंद पडला, आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉनच इथे अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. सरकारी एनटीपीसी आणि गेल यांनी नवी कंपनी काढून तो ताब्यात घेतला, तोवर 2005 साल उजाडलं होतं.

हार्वर्डचे रेमंड व्हर्नन यांनी 1971 मध्येच अशा सौद्यांचं मर्म सांगून ठेवलं होतं. मैदान रिकामं असतं तोवर जोर पैसेवाल्याचा, कारण तो दुसरीकडे जाऊ शकतो. पण एकदा पोलाद आणि काँक्रीट जमिनीत गेलं की पारडं उलटतं आणि जोर सरकारचा होतो. जास्त काय गमावायचं ते आता त्याचं असतं. पुढची दहा-वीस वर्षं त्याला सांभाळणारी एकच गोष्ट, राज्याची पत. म्हणूनच जे उचलून नेता येत नाही, त्याच्या बाबतीत पतीला सर्वांत जास्त मोल. पेपॅलने शार्लटमध्ये काही बांधलंच नव्हतं. चारशे टेबलं दुसरीकडे मांडायला किती वेळ लागणार? आणि जितक्या सहज ते गेलं, तितक्याच सहज दुसरे आले. तिथे लोकांना राग कायद्याचा होता. राज्य उद्या करार मोडेल, अशी भीती कोणालाच नव्हती.

या शार्लटचीच कोजेन्ट्रिक्स नावाची कंपनी मंगळूरजवळ 1000 मेगावॉटचा वीज प्रकल्प उभारणार होती. कोर्टकचेऱ्या आणि दिरंगाईला कंटाळून ती डिसेंबर 1999 मध्ये परत आली. त्याच कर्नाटकात त्याच वर्षी बंगळूरचं नाव सॉफ्टवेअरमध्ये जगभर गाजत होतं. राज्य एक, दोन वेगळ्या प्रती! आमच्या धंद्याला राज्य सरकारकडून फारसं काही लागत नव्हतं, हेच त्याचं कारण. उपग्रहाची जोडणी केंद्राच्या सॉफ्टवेअर पार्कची, गिऱ्हाईक परदेशी, वीज गेली तर स्वतःचा जनरेटर. आमची बुद्धी फार मोठी म्हणून आम्ही वाढलो असं आपण सांगतो, पण राजकारणाच्या हाताला लागण्यासारखं आमच्याकडे कमी होतं, हेही खरं.

पश्चिम बंगालचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या 2024 च्या टिपणानुसार देशाच्या उत्पन्नात बंगालचा वाटा 1960-61 मध्ये 10.5 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 5.6 टक्क्यांवर आला. सगळा दोष घेराव आणि लाल बावट्याचा नव्हे. कोळसा-पोलादाची वाहतूक देशभर एकाच भावात करण्याच्या केंद्राच्या धोरणाने पूर्व भारताचा हक्काचा फायदा पन्नाशीच्या दशकापासून काढून घेतला होता. पण नाव पडलं ते पडलं. काही वर्षांपूर्वी माझ्या तेव्हाच्या कंपनीत भारतातल्या नव्या केंद्राची जागा ठरवायला एक तक्ता आला होता. त्यात ‘राजकीय जोखीम’ असा रकाना, आणि कोलकात्यापुढे सर्वांत वाईट आकडा. तो कोणी भरला, कशावरून, विचारलं तर कोणालाच सांगता येईना. लोखंडाभोवतीचा प्रवाह बंद केला तरी चुंबकत्व काही प्रमाणात मागे राहतं, त्यातला प्रकार.

बंगालने 2006 मध्ये टाटांची नॅनो आणून हे नाव पुसायचा प्रयत्न केला. सिंगूरला सुमारे हजार एकर जमीन घेतली. काही शेतकरी राजी नव्हते, आंदोलन झालं, आणि 3 ऑक्टोबर 2008 ला रतन टाटांनी माघार जाहीर केली. चारच दिवसांत गुजरातेत साणंद ठरलं. नॅनो काही चालली नाही, पण साणंदला मोटारींचा धंदा रुजला. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सिंगूरचं भूसंपादनच बेकायदा ठरवलं, म्हणजे शेतकऱ्यांचा आक्षेप खोटा नव्हता. ऑक्टोबर 2023 मध्ये लवादाने टाटांना 765.78 कोटी रुपये आणि वर व्याज देण्याचा निवाडा राज्याच्या महामंडळाविरुद्ध दिला.

महाराष्ट्राचं म्हणाल तर 2019 नंतर देशात आलेल्या परकीय गुंतवणुकीत सुमारे 30 टक्के वाटा त्याचाच आहे. यातला काही भाग, मुख्य कचेरी मुंबईत म्हणून मुंबईच्या खात्यावर पडतो, हे लक्षात ठेवलेलं बरं. दाभोळची किंमत त्या आकड्यात दिसत नाही. ती दिसली 2005 ते 2007 च्या दरम्यान, राज्यात चार-पाच हजार मेगावॉटची तूट आणि ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन झालं तेव्हा. खासगी वीज प्रकल्पांचं नाव काढलं की बँका दारं लावून घेत होत्या, त्या काळाचं हे फळ. पुण्याने 2006 मध्ये कारखान्यांचे जनरेटर चालवून आणि त्याचा जादा खर्च वाटून घेऊन आपल्यापुरती सुटका करून घेतली. बीड-परभणीच्या पिठाच्या गिरणीला ते कुठून जमणार?

पतीचा विचार करताना आपण इथे बसून नेहमी गुंतवणूकदाराच्याच खुर्चीतून पाहतो. पण राज्याची पत आणखी एका माणसाकडे असते, ज्याची जमीन जाते त्याच्याकडे. रत्नागिरी जिल्ह्यातच, राजापूर तालुक्यात नाणारला मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प ठरला होता. सौदी अरामकोसारखी कंपनी 2018 मध्ये त्यात यायला तयार झाली, पण गावं उठली आणि मार्च 2019 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, भूसंपादन रद्द झालं. बारसूला 2023 मध्ये माती परीक्षणाला माणसं गेली तेव्हाही बायाबापड्या रस्त्यावर आडव्या झाल्या. कोकणी माणूस विकासाच्या आड येतो, असं तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बरेचजण लिहीत होते. मी त्यांना एवढंच लिहिलं, की कोयना धरणात ज्यांची गावं साठच्या दशकात बुडाली त्यांची मुलं-नातवंडं 2018 मध्ये, आपलं पुनर्वसन पूर्ण करा म्हणून कोयनानगरला धरणं धरून बसली होती. राजापूरच्या माणसाने सरकारचा हा हिशेब पाहिलेला आहे, आणि त्याच्याकडे प्रतिहमी कोणी नेलेली नाही.