पुरानदीपात्रे, उपग्रहचित्रांतील
नदीने मार्ग बदलल्यावर मागे राहिलेल्या व कालांतराने गाळाने बुजलेल्या पात्रास पुरानदीपात्र म्हणतात. जमिनीवरून ते बहुधा ओळखू येत नाही. परंतु त्यातील वाळू व गोट्यांच्या थरांत पाणी साठून राहत असल्याने तेथील ओलावा व वनस्पती भोवतालापेक्षा निराळ्या असतात आणि हा फरक उपग्रहचित्रात नागमोडी पट्ट्याच्या रूपाने उमटतो. हिरवी पाने अवरक्त प्रारण विपुल परावर्तित करतात, तर पाणी ते शोषून घेते. त्यामुळे छद्मरंगी चित्रात दाट वनस्पती लाल, तर स्वच्छ पाणी काळे दिसते. ब्राझीलमधील पांतानालसारख्या उष्ण कटिबंधीय पाणथळ प्रदेशात सोडलेली वळणे व कुंडलकासार सरोवरे अशा चित्रांत ठळकपणे दिसतात. भारतात घग्गर नदीच्या जुन्या पात्रांविषयीचे लँडसॅट चित्रांवर आधारित संशोधन यशपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात मात्र हे काम बरेच अवघड आहे. हा प्रदेश पाणथळ नसून बेसाल्ट खडकाचा व अवर्षणप्रवण आहे. बालाघाटच्या डोंगररांगांमुळे येथील पाणी विभागले जाते : मांजरा व तिला मिळणारी तेरणा गोदावरीच्या, तर सीना भीमेच्या खोऱ्यात मोडते. नद्यांकाठचा गाळ अरुंद पट्ट्यांपुरताच असल्याने सोडलेली पात्रे आखूड व तुटक असतात. १९७२ मध्ये सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात सु. ८० मी. पेक्षा लहान तपशील सहसा उमटत नसे. तेव्हा ओढ्याएवढ्या पात्राचा माग त्यावरून लागणे कठीणच. शिवाय अन्यत्र काळसर छटा ओलाव्याची खूण मानली जाते, येथे तो काळ्या कापसाच्या जमिनीचा स्वाभाविक रंगच होय. उन्हाळ्यातील लाल पट्टा पुरानदीपात्राचा असेल, तसाच तो पाटाच्या वा विहिरीच्या पाण्यावरील उसाचाही असू शकेल. रडारचा उपायही येथे तोकडा पडतो. १९८१ मध्ये अवकाशयानातील रडारने पूर्व सहारातील वाळूखालचे प्रवाहमार्ग दाखविले, ते वाळू अत्यंत कोरडी होती म्हणून. ओलसर चिकण मातीत रडारतरंग फार खोल जात नाहीत.

सर्वांत मोठा घोटाळा खडकातील भेगांमुळे होतो. बेसाल्टातील भेगांच्या पट्ट्यांतही पाणी मुरते व वर हिरवळ टिकते. हे पट्टे सामान्यतः सरळ असतात, पुरानदीपात्र वळणे घेते. तथापि नद्याही अनेकदा भेगांच्याच दिशेने वाहत असल्याने केवळ आकारावरून निर्णय करणे धोक्याचे ठरते. खरा निवाडा विहिरीच्या कडेवर होतो. वाळू, गुळगुळीत गोटे व गाळाचे थर दिसल्यास तेथून नदी वाहत होती असे समजावे. मुरूम व कोनदार तुकड्यांचा फुटका खडक लागल्यास ती भेग मानावी. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. वाळूच्या थरातील पाणी उथळ विहिरीने मिळते, भेगेतील पाण्यासाठी बहुधा विंधणविहीर लागते व ती नेमक्या भेगेवर न पडल्यास कोरडी जाते.

तेरणाकाठचे तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे या अभ्यासाला पुरातत्त्वाची जोड देता येते. जुन्या वस्तीच्या राखट मातीला ग्रामीण भागात ‘पांढर’ म्हणतात व काळ्या रानात ती चित्रावर फिकट ठिपक्यासारखी दिसू शकते. अशा टेकाडांची नदीच्या गाळाच्या पट्ट्यांशी सांगड घातल्यास, वस्ती नांदती असताना प्रवाह कोणत्या बाजूने होता याचा अदमास बांधता येतो. मात्र टेकाडाच्या व गाळाच्या थरांचा काळ उत्खननावरूनच ठरवावा लागतो.