सेल मारण्याआधी कान द्या

जुलैतला रविवार. भिवपुरीच्या धबधब्यावर दिवसभर भिजलेली मंडळी संध्याकाळी गाडीपाशी येतात, किल्ली फिरवतात आणि नुसतं ‘टिक-टिक-टिक’ ऐकू येतं. जमलेल्यांपैकी एक म्हणतो, प्लग भिजले. दुसरा म्हणतो, पेट्रोलमध्ये पाणी गेलं. तिसरा धक्का मारायला बाह्या सरसावतो. गाडीने काय आवाज केला, याकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. दुखणं कुठे आहे, याचा पहिला सुगावा त्याच आवाजात असतो.

गैरसमज 1 : हॉर्न वाजतो, दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे.

वस्तुस्थिती : याचं उत्तर भिवपुरीतच आहे. इथल्या टाटांच्या वीजकेंद्रात 1922 पासून ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटमाथ्यावरून खाली आणून वीज तयार होते. त्यासाठी भल्यामोठ्या नळातून लोंढा यावा लागतो. घरच्या नळाच्या धारेवर भांडी घासून होतील, जनित्र फिरणार नाही. गाडीतही तसंच. हेडलाइटच्या जोडीला दहाएक अँपिअर पुरतात. सेलला लहान गाडीतही शंभराच्या आसपास किंवा जास्त लागतात.

भराभर टिक-टिक होऊन दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल झालंय, त्यावर पांढरा-हिरवा थर चढलाय. दिवे लख्ख राहून एकच ‘टक्’ झालं, तर संशय सेलवर. सेल जोमात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर बॅटरी बदलून उपयोग नाही. पेट्रोल, ठिणगी किंवा सेन्सर तपासा. मीटर असेल तर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या खाली गेली की जवळपास रिकामी.

गैरसमज 2 : गाडी रोज सुरू होते, म्हणजे बॅटरी चार्ज होतेच.

वस्तुस्थिती : घरापासून भिवपुरी रोड स्टेशनपर्यंत दोन-तीन किलोमीटर, मग मालक लोकलमध्ये आणि गाडी दिवसभर उभी. एवढ्याशा फेरीत सेलचा खर्चही धड भरून निघत नाही. पावसाळ्यात वायपर, दिवे आणि पंखा त्यात वाटेकरी. उभ्या उभ्या पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणंही पुरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

गैरसमज 3 : धक्का मारला की कुठलीही गाडी सुरू होते.

वस्तुस्थिती : ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. गिअरवाल्या गाडीतही पेट्रोलचा पंप आणि संगणक चालण्याइतकी वीज शिल्लक हवी. उतारावर तर हा प्रयोग नकोच. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

गैरसमज 4 : सुरू होत नसेल तर रेस देत सेल मारत राहा.

वस्तुस्थिती : ही कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. इंजेक्शनच्या गाडीत किती पेट्रोल द्यायचं ते संगणक ठरवतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. किल्ली ‘ऑन’ करून दोन सेकंद थांबा, पंपाची घरघर ऐका आणि मग सेल मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती. सतत मारल्याने सेल तापतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपते.

गैरसमज 5 : पाण्यात बंद पडली तर पटकन सुरू करून बाहेर काढावी.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागडा गैरसमज हाच. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि इंजिन कायमचं जायबंदी होऊ शकतं. ओढ्याच्या मोरीवर गाडी बंद पडली, तर आधी माणसं बाहेर काढा, नंतर गाडी ओढून न्या. इंजिन-संरक्षणाचं पूरक कलम घेतलेलं नसेल, तर साध्या विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही.

गैरसमज 6 : उभी असताना गाडी थरथरते, बंद पडते, म्हणजे पेट्रोलमध्ये भेसळ.

वस्तुस्थिती : बहुतेकदा थ्रॉटल बॉडीवर काजळी साचलेली असते, व्हॅक्युमचा पाइप चिरलेला असतो किंवा प्लग-कॉइल थकलेली असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडं पाणी सामावून घेतं; प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणून पावसात पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट हवं. पण प्रत्येक थरथरीचं खापर पंपावर फोडू नका. शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाडीचं बॉनेट उघडून एकदा वायरी पाहा. उंदरांनी कुरतडलेली एक वायरही गाडीला मिसिंग करायला लावते.

आणि मेकॅनिकला फोन कराल तेव्हा ‘गाडी सुरू होत नाही’ एवढंच सांगू नका. सेल फिरतो का, आवाज कसा येतो, दिवे मंदावतात का, गाडी पाण्यातून गेली होती का, हे सांगा. म्हणजे कर्जतहून निघताना बॅटरी घ्यायची, स्कॅनर घ्यायचा की ओढायचा दोर, ते त्याला कळेल.